ती ऑटोपेची लिंक आम्हीच पाठवली होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एका ताईंचं पत्र आलं होतं, की शहरातल्या एका इनडोअर सायकलिंग स्टुडिओनं त्यांना परत ऑटोपे, म्हणजे दर महिन्याची फी खात्यातनं आपोआप कापायची परवानगी, चालू करायची लिंक पाठवली, आधीचं चालू असताना दुसरं कशाला, हा फसवायचा धंदा आहे, सावध राहा. स्टुडिओचं नाव त्यांनी लिहिलं नाही, पण वाचता वाचता मला घाम फुटला, कारण ती लिंक बहुतेक आमचीच ओ ताई. ताराबाई पार्कात जागेवरच मारायच्या अठरा सायकली घेऊन मी आणि माझा भाऊ हा स्टुडिओ चालवतो आणि दिवाळीत आम्ही मेंबरशिप, बुकिंग आणि फी सांभाळायचं सॉफ्टवेअर बदललं.

आधी तुमच्या शंकेचं सांगते, कारण शंका बरोबरच होती. ऑटोपेची परवानगी आमच्या सॉफ्टवेअरात नसतेच, ती तुमची बँक आणि आमचा पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाईन पैसे आमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी, यांच्यात असते. सॉफ्टवेअर बदललं, त्याच्याबरोबर गेटवे बदलला, आणि जुनी परवानगी तिथंच राहिली, ती उचलून इकडं आणायची सोय आम्हाला मिळाली नाही. कार्डाचंही तेच. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं कार्डाचा नंबर साठवून ठेवायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली नंबर, असतं आणि ते ज्याच्यासाठी काढलं त्याच्याकडंच चालतं. म्हणून परत लिंक. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायलाच पाहिजे, पण १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी मागत नाहीत आणि आमची फी त्याच्या खूप खाली, त्यामुळं अनोळखी लिंकवर बोट ठेवायच्या आधी तुम्ही दहादा विचार केलात ते चांगलंच केलंत. चूक आमची, की आधी फोन न करता नुसती लिंक ढकलली.

आता तुम्ही म्हणाल बदललंच कशाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरनं ५ टक्के झाला, मेंबर खूश, आम्ही पण खूश, मग सीए म्हणाले थांबा जरा. ५ टक्के लावायचा तर इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे भाड्यावर, सायकलीच्या पार्टवर, सॉफ्टवेअरवर आम्ही जो जीएसटी भरतो तो आधी वजा मिळायचा, आता आमच्याच खिशातनं जाणार. त्यात आमचं जुनं सॉफ्टवेअर परदेशातलं, बिल डॉलरात, आणि बाहेरनं घेतलेल्या सेवेवरचा १८ टक्के रिव्हर्स चार्जमध्ये आपणच भरायचा, तोही परत मिळणार नाही. डॉलर वर गेला की आमचं बिल वर. हिशोब बघून भाऊ म्हणाला सोड, रुपयात बिल देणारं घेऊया.

दिवाळीत बॅच रिकाम्या असतात, पाडव्याला कोण येतंय सायकल मारायला, म्हणून तेव्हाच करायचं ठरलं. जुन्या कंपनीला डेटा मागितला तर त्यांची सकाळ व्हायला आमची रात्र, एकेका मेलला दोन-दोन दिवस. शेवटी आली ती एक सीएसव्ही फाईल, म्हणजे नुसता साधा तक्ता, त्यात नाव, नंबर, मेंबरशिप संपायची तारीख. कुणाच्या किती राईड शिल्लक आहेत, कुणी मेंबरशिप फ्रीज केलीय, कोण किती दिवस आलं, यातलं काही नाही. ते म्हणे वेगळे रिपोर्ट, आणि त्यातले अर्धे आमच्या प्लॅनमध्ये नाहीत.

आणि जे आलं त्याची काय अवस्था! मराठीत टाईप केलेली नावं उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं. एक्सेलनं मोबाईल नंबरचं ९.१९ई+११ करून टाकलं. तारखा अमेरिकन पद्धतीनं, महिना आधी, म्हणजे ५ एप्रिलची ४ मे झाली आणि १२ च्या पुढची तारीख आली की नवीन सॉफ्टवेअर ती वाचायचंच नाही, रिकामं सोडून द्यायचं. वेळ तर विचारू नका, ग्रीनिचची वेळ तशीच सेट राहिली होती, साडेपाच तासाचा फरक, त्यामुळं सकाळी सहाची बॅच ॲपवर रात्री साडेबाराला दिसायची. एका काकांनी फोन केला, पोरी, साडेबाराला सायकल मारायची म्हणजे काय गणपतीची मिरवणूक आहे काय.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मोबाईल नंबरनं. आपल्याकडं एका घरात एकच नंबर देतात, सासूबाई, सून, कॉलेजातली नात, सगळ्या एकाच नंबरावर. नवीन सॉफ्टवेअर नंबरावरच लॉगिन घेतं, त्यानं तिघींची एकच बाई केली. सासूबाईंच्या राईड सुनेनं वापरल्या असा मेसेज गेला घरी, पुढचं तुम्हीच समजून घ्या.

एक चूक मात्र सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही. जुन्या सॉफ्टवेअरात प्रत्येकाच्या नावापुढं आम्ही नोट लिहायचो, सीटची उंची किती, हँडल किती पुढं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाला बीपी, कोण गरोदर आहे. सीट दोन खाचा जरी खाली राहिली तरी गुडघा बोलायला लागतो, म्हणून ही माहिती आमच्या लेखी फीपेक्षा मोठी. त्या नोटा एक्सपोर्टमध्ये नव्हत्या, म्हणून काउंटरवरच्या पोरीनं आणि मी तीन रात्री बसून स्क्रीनवरनं उतरवल्या आणि ती शीट मी, होय मीच, ट्रेनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भाऊ भडकला ते बरोबरच होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सॉफ्टवेअर कंपनीनं गोंधळ घातला तरी मेंबरच्या माहितीला जबाबदार आम्हीच, आणि इथं तर गोंधळ मीच घातलेला. शीट डिलीट केली, ज्यांची नावं त्यात होती त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं.

त्याच कायद्याबद्दल अजून एक. २०१९ च्या विधेयकात माणसाला आपला डेटा एकाकडनं दुसरीकडं नेता येईल असा हक्क लिहिला होता, २०२३ च्या कायद्यात तो नाही. माहिती बघायला मागायची, दुरुस्त करून घ्यायची, पुसायला सांगायची तरतूद त्यात आहे, पण मशीनला वाचता येईल अशी फाईल द्या असं हक्कानं म्हणता येत नाही. आणि तो हक्क होता तोसुद्धा ज्याची माहिती त्या माणसाचा, आमच्यासारख्या दुकानाचा नाही. म्हणजे कंपनीबरोबरच्या करारात जे लिहिलंय तेवढंच आमच्या हातात, आणि तो करार आम्ही न वाचता खाली टिक मारून मोकळे झालेलो. राजारामपुरीतला पार्लरवाला असो की क्लासवाला, सगळे आज असलीच ॲप घेतायत, सही करायच्या आधी सोडून जाताना काय काय मिळणार ते डेमोतच विचारा, आणि एक एक्सपोर्ट तिथंच समोर काढून दाखवायला लावा. नवीन कंपनीला आम्ही तेच केलं, दोन मराठी नावं टाकली आणि फाईल काढायला सांगितली, नावं नीट आली तेव्हा पैसे भरले.

आमचे बाबा खासबागेत कुस्त्या बघत वाढलेले, एवढे पाय मारून पोचलीस कुठं असं रोज विचारतात. पण या सगळ्या गोंधळात शिल्लक राईडचा हिशोब सापडला तो त्यांच्याच वहीत. ते काउंटरवर नुसतेच बसतात म्हणून कोण आलं कोण गेलं लिहून ठेवायचे, आम्ही हसायचो.

ताई, तुमचा जुना मॅन्डेट, म्हणजे ती जुनी परवानगी, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या भागात अजून दिसत असेल तर तो तुम्हीच बंद करा, जुन्या सॉफ्टवेअरचं आमचं लॉगिनच आता बंद झालंय, आम्हाला तो दिसत पण नाही. नवीन लिंक नको असेल तर दर महिन्याला काउंटरवर रोख द्या, चालतंय. आणि दोनदा पैसे गेले असतील तर बँकेचा मेसेज दाखवा, त्याच दिवशी परत देतो.

आपली,
एक स्टुडिओचालक, ताराबाई पार्क, कोल्हापूर