बाबांची गोळी

पुणे
१४ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. "शुगरवाल्यांचं रक्त घट्ट होतं" म्हणून शेजारच्या काकांनी बाबांना रोज अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितलंय, हे वाचून लगेच लिहायला बसलो. मी सध्या लॅबमध्ये हेच मोजतोय, तेही लघवीत.

काकांचं अगदीच चूक नाही. मधुमेहात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, जरा जास्तच तापट होतात, थोडक्यात एकमेकींना चिकटतात. तेव्हा त्या थ्रोम्बॉक्झेन नावाचं, आणखी प्लेटलेट चिकटवणारं रसायन सोडतात; अ‍ॅस्पिरिन तेच बनू देत नाही. पण ते हाती लागत नाही, अर्ध्या मिनिटात निम्मं विरलेलं असतं. शिवाय रक्त काढायला सुई टोचली की त्यानेच प्लेटलेट खवळतात. मग मोजलं ते शरीरातलं की सुईचं? लघवीत मात्र त्याचा टिकाऊ अवशेष निवांत उतरत राहतो. त्याचं नाव ११-डीहायड्रो-थ्रोम्बॉक्झेन बी२.

आमच्याकडे एक आजी येतात. रात्रभराच्या लघवीची बाटली धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बर्फ घालून आणतात. "दोनदा उठले रे, दोन्ही वेळची आहे, थेंब सांडला नाही." लघवी पातळ-दाट झाली तरी क्रिॲटिनिन या लघवीतून बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने जाणाऱ्या पदार्थाच्या हिशोबाने आकडा जुळवता येतो, पण आजींनी एवढं जपून आणलं की ती बाटली हातात घेताना माझाही हात सांभाळून चालतो.

१९९० साली इटलीत दावी, पात्रोनो आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं होतं. मधुमेहींमध्ये हा अवशेष जास्त निघाला. इन्सुलिनने साखर नीट आटोक्यात आणली तर तो जवळपास निम्मा झाला. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण गोळीआधी साखरच बोलते. काही जणांना रोज ५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आठवडाभर दिली, तर तो सुमारे ८० टक्क्यांनी उतरला. गोळी थांबवल्यावर दहाएक दिवसांत परत चढला. गोळीने बंद पाडलेल्या प्लेटलेट जाऊन नव्या यायलाही तेवढेच दिवस लागतात.

पण लघवीतला आकडा उतरला म्हणजे माणूस वाचलाच असं नाही. हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवरचा ब्रिटनमधला 'असेंड' अभ्यास २०१८ साली आला. त्यात निम्म्यांना रोज अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती. सरासरी सात वर्षांहून जास्त काळात अ‍ॅस्पिरिनमुळे हार्ट अटॅक, स्ट्रोक असे गंभीर प्रकार ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला.

आणि सुहास, आपण दहावीत असताना बाबांना रक्ताची उलटी झाली होती, आठवतं? पावसात रिक्षा मिळत नव्हती. अल्सर निघाला होता. बाबा स्वतः डॉक्टरांना हे सांगणार नाहीत, तू सोबत जा आणि सांग. तोवर ती गोळ्यांची पट्टी तुझ्या खिशात ठेव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि