दाढा वाचवल्याबद्दल

प्रिय ताई,

गेल्या सप्टेंबरात दिवाळी अंकांच्या मुद्रितांचं बाड पिशवीत घेऊन, मान एका बाजूला धरून तुमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आलेली मुद्रितशोधक मीच. तेव्हा घाईत नुसती फी देऊन निघाले होते, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं, की चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, चुकलाय म्हणून जबडा सरकलाय, त्यानं मान, मानेनं कंबर आणि कंबरेनं गुडघा. पुरावा म्हणून दातांत कापसाचा बोळा धरायला लावला आणि माझा आडवा हात खाली दाबला. बोळा असताना हात टिकला, काढल्यावर पडला. मी चाटच पडले! चावा जुळावा म्हणून दोन दाढा घासून कमी करायच्या, असं ठरलंही.

तुम्ही आधी दाढांकडे पाहिलंच नाहीत. तोंडात तीन बोटं उभी जातात का ते बघितलंत (माझी कशीबशी दोन), गालाच्या स्नायूवर बोट दाबलंत आणि मी कळवळत असताना विचारलंत, “आत्ता तुमचे दात एकमेकांवर टेकलेत का?”

टेकले होते. नुसते टेकले नव्हते, आवळले होते. ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक मी दाढेखाली धरत होते म्हणा ना!

मग समजावलंत. मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप मेंदूच्या खोडात एकाच जागी पोचतात, म्हणून मानेचं दुखणं कानशिलात जाणवतं आणि जबड्याचं मानेत. कागदावर तासन्‌तास डोकं पुढे काढून बसलं की दोघांवरही ताण येतो. पण चाव्यामुळे अख्खं शरीर वाकडं होतं, याला भक्कम पुरावा नाही. सगळं खापर चाव्यावर फोडायची खोड जुनी आहे. १९३४ साली कॉस्टेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी कानाच्या तक्रारी पडलेल्या दाढांशी जोडल्या होत्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. “घासलेली दाढ परत येत नाही, व्यायाम नाही मानवला तर सोडता येतो,” या तुमच्या वाक्यावर मी ती अपॉइंटमेंट रद्द केली.

औषध काय, तर ओठ मिटलेले, दात सुटे, आणि ‘न’ म्हणताना जीभ टेकते तिथं ती टेकलेली. विसरू नये म्हणून तुम्ही टेबलावरच्या दिव्याला टिकली लावायला सांगितलीत. टिकली दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी पन्नासदा सोडले असतील. भाकरीचे लहान तुकडे, चिक्की महिनाभर बंद, गालाला गरम शेक. दीड महिन्यानं तीन बोटं जाऊ लागली. जबडा अजून कट्‌कन वाजतो, पण दुखत नाही, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच्या मागे लागत नाही.

यंदाची मुद्रितं यायला लागलीत. दिव्याला नवी टिकली लावली आहे. गुडघा तेवढा दुखतोय, पण त्याचं खातं वेगळं आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. तो घेऊन पुढच्या आठवड्यात येते.

तुमची,
सदाशिव पेठेतली मुद्रितशोधक