चिकटवलेलं पान

नगर, रविवार, उपासनेनंतर

प्रिय छकू,

सलाम आणि आशीर्वाद.

काल तू रागारागाने सातची एसटी धरलीस आणि मी खालीसुद्धा उतरलो नाही. मम्मी म्हणाली, रिक्षात बसताना तू तीनदा वर पाहिलंस. मी गॅलरीतच होतो, वाळत घातलेल्या चादरीमागे.

त्या पानाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

पणजोबांच्या वह्या कोरड्या ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदाला घाम सुटतो. 1897 च्या वहीत शाईने कागद खाल्लाय, बोट लागलं की अख्खं अक्षर गळून पडतं. हाताला तेल असेल तर शिवू नकोस. कसर लागू नये म्हणून आबा कडुलिंबाचा पाला ठेवायचे, तसा ठेव. आणि हे सगळं मी कोणाला सांगतोय? जी दोन वर्षं जुन्या कागदांतच काम करते तिला. सोड, माफ कर.

पन्नास वर्षं त्या वह्या माझ्या ट्रंकेत होत्या आणि मला त्यातली एक ओळ वाचता आली नाही. आमच्या वेळी शाळेत मोडी नव्हतीच. आबांना यायची, पण ते निवडून निवडून वाचायचे. अमक्या गावी उपासना, तमक्याचा बाप्तिस्मा. आम्हाला वाटायचं, पणजोबा पाळक, म्हणजे वहीत नुसती प्रवचनं असणार. तू मोडी शिकलीस आणि पहिल्याच रात्री काय वाचून दाखवलंस, आठवतं? घासलेटाचा हिशेब. 'ज्ञानोदय'ची वर्गणी थकलेली. प्लेगात गाव सोडून रानात झोपडी घातली, तर पणजी म्हणते चूल आधी, पेटी नंतर. इकडे नगरच्या सेमिनरीत ना. वा. टिळक शिकवत होते, आणि आमचे पाळकसाहेब चार पानं कसली चिंता करतात? आटलेल्या म्हशीची! किती हसलो आपण. मम्मी झोपेतून उठून आली. त्या रात्री मला वाटलं, पोरीला शिकवलं त्याचं सोनं झालं. तुला तेव्हा म्हणालो नाही.

पण छकू, परिषदेत ते पान वाचलंच पाहिजे का? बाकी इतकं आहे. 1900 च्या दुष्काळाचं वाच ना. 'क्विटो' जहाजातून न्यूयॉर्कहून दोन लाख बुशेल मका मुंबईत उतरला, ही गोष्ट जगाला माहीत आहे. पण तो मका आपल्या जात्यात दळेना, पणजी त्याला 'अमेरिकेचे दात' म्हणायची, हे फक्त आपल्या वहीत आहे. ते वाच. लोक टाळ्या वाजवतील.

तू म्हणशील, पप्पा, टाळ्यांसाठी नाही. बरोबर आहे तुझं.

चौथीत असताना डबा खायच्या सुट्टीत एक पोरगा ओरडला होता, 'पायलीवर बाटलेले!' मी घरी येऊन आजीला विचारलं, पायलीवर म्हणजे गं काय? ती जोंधळे निवडत होती. सूप खाली ठेवलं, जमिनीवर सांडलेला एक दाणा जिभेला लावलेल्या बोटाने उचलला, सुपात टाकला, आणि मला म्हणाली, जा, हातपाय धू. एवढंच. तिच्या ताटात कधी शीत राहिलं नाही. भाकरी थापताना परातीच्या कडेला चिकटलेलं पीठसुद्धा ती खरवडून घ्यायची. आम्ही पोरं तिला चिकट म्हणून हसायचो. राहुरीची आत्या तर तिची नक्कल करायची.

आता त्या पानावर तिचं आधीचं नाव आहे. डिसेंबर 1899. पडवीत आलेली बाई, दोन मुली, थोरली ठेवली, धाकटीला कडेवर घेऊन गेली, आणि बाईला दोन पायल्या जोंधळे. तू वाचलंस आणि मी उठून गेलो. तू मागून म्हणालीस, पप्पा, ते मोल नाही, परतीच्या वाटेला दिलेलं धान्य आहे. मला पटतं गं. पण वाचणाऱ्याला दोन पायल्याच दिसतील. त्या सुट्टीतल्या पोरासारखी माणसं आता चौथीत नाहीत, मोबाइल घेऊन बसलीत. तुझं नाव, आडनाव, फोटो, सगळं खाली. उद्या जॉनीदादाच्या पोरींच्या लग्नाचं बघायचंय. आणि आपण तर दुष्काळाआधीपासूनच मंडळीत होतो, हे आबा किती ताठ मानेने सांगायचे!

बघ, लिहिणार नव्हतो.

आणखी एक सांगायचंय. परवा मी म्हणालो, ती पानं पावसात भिजून चिकटली. खोटं बोललो. 1972 साल. आजी जाऊन वर्ष झालं होतं. घरात गहू नव्हता, रेशनच्या लाल मिलोचं, त्या परदेशी ज्वारीचं, पीठ होतं. आबांनी स्टोव्हवर वाटीभर खळ शिजवली. मला वाटलं पतंगासाठी, मी कागद घेऊन धावलो. त्यांनी मला बाहेर काढून कडी लावली. दाराच्या फटीतून पाहिलं, ते वहीवर तळहाताने दाबत होते, बराच वेळ. तुला कडेला लालसर पापुद्रा दिसला असेल, तोच मिलो. मी चौदाचा होतो, सगळं कळलं नाही, पण विचारायचं नाही एवढं कळलं. नंतर मी कधीच विचारलं नाही. त्याचाही मला राग येतो, आणि तो मी तुझ्यावर काढला.

तू ते वाफेवर धरून सोडवलंस. आधी मला विचारायला हवं होतंस. मी नाहीच म्हणालो असतो, ते वेगळं.

मम्मीने बाजरीचं पीठ आणि लसणाची चटणी शेजारच्या काकांबरोबर पाठवलीय, बुधवारी ते पुण्यात येतील. इनहेलर संपत आला असेल तर घे, जुन्या कागदांची धूळ वाईट.

परिषदेचं तू ठरव. गावाचं नाव तेवढं गाळता आलं तर बघ.

आणि त्या पानाची मागची बाजू तू वाचायच्या आत मी उठलो होतो. धाकटीचं पुढे काय झालं, ते तिथे आहे का? फोनवर सांगू नकोस. लिहून पाठव, बाळबोधीत, मोठ्या अक्षरात.

तुझे,
पप्पा