ओजसची गाडी, दादाचा छोटा हत्ती आणि इथलं लायसन्स

श्टुटगार्ट,
नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.
प्रिय दादा, वहिनी,

फोनवर ओजसच्या गाडीचा आणि लायसन्सचा विषय निघाला की मागे कुकर वाजतो, मधे ओजस येतो आणि बोलणं तुटतं. म्हणून यावेळी सगळं लिहून काढते. चौघांनी बसून वाचा, आणि ओजसलाही वाचायला द्या.

वहिनी सांगत होत्या की तो आता अ‍ॅक्टिव्हा घेऊन आपल्या नागपुरात शंकरनगरला क्लासला जाऊन राहिला. त्याला सोळावं सरलंय, "सोळा झाले की लायसन्स मिळते" असं त्याचे मित्र म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी मुभा दिली आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीची, आणि तीही पालकाच्या संमतीने. 1988 साली कायदा झाला तेव्हा रस्त्यावर तशा गाड्या भरपूर होत्या. बाबा, तुमची लुना त्याच जातीची. आजची अ‍ॅक्टिव्हा सुमारे एकशेदहा सीसीची आहे. म्हणजे ओजसने सोळाव्या वर्षाचं लायसन्स काढलं तरी ते आपल्या अंगणातल्या गाडीला लागू होत नाही. तिच्यासाठी अठरा पूर्ण व्हायलाच पाहिजेत.

दादा, पकडलं तर पाचशे देऊन सुटू असं मनात असेल तर ते काढून टाक. 2019 च्या दुरुस्तीत कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर दोष पालकाचा किंवा गाडीमालकाचा धरतात: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. शिवाय समोरून कुणी रस्ता ओलांडत असेल आणि त्याला लागलं, तर त्या घराचं काय? मला झोप लागत नाही ती दंडाने नाही. भंडारा रोडवरचे ट्रक आणि त्यांच्या मधून वाट काढणारं आपलं पोरगं डोळ्यांपुढे येतं म्हणून.

क्लास चुकवायची गरज नाही. वैष्णोदेवी चौकात मेट्रोत बसला की अ‍ॅक्वा लाइन त्याला थेट शंकरनगर चौकात सोडते, गाडी बदलायचीही गरज नाही. घरून स्टेशनपर्यंत सायकल. त्याला स्वतःची गाडी पाहिजेच असेल तर 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी इलेक्ट्रिक स्कूटर मिळते. तिला लायसन्सही लागत नाही आणि नोंदणीही नाही. पण घेताना कागद नीट वाचा. दुकानदार जास्त वेगाची गाडी "लायसन्स नको" म्हणून गळ्यात मारू शकतो. आणि हेल्मेट कायदा मागो न मागो, डोक्यावर पाहिजेच.

आता माझं सांगते, म्हणजे मी एवढी मागे का लागली ते कळेल. जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने आपलं भारतातलं लायसन्स चालतं. त्यानंतर ते खिशात असलं तरी इथे गाडीला हात लावता येत नाही. काही देशांच्या लोकांना नुसतं लायसन्स बदलून मिळतं, पण भारत त्या यादीत नाही. आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच की नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास आपल्याला सक्तीचे नाहीत. तरी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तास घेतले आणि अजून घेतेय. इथे गाडी उजव्या बाजूने चालते. हात आपोआप डावीकडे वळायला बघतात, ती सवय मोडायला शिकवणारा शेजारी बसलेला बरा.

अर्जासोबत जुन्या लायसन्सचा अधिकृत अनुवाद, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स लागतो. हा कोर्स पंचेचाळीस मिनिटांच्या नऊ तासिकांचा असतो. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, छाती कशी दाबायची, हेल्मेट अडकलेल्या माणसाचं हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं, सगळं हाताने करून घेतात. मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच. गाडी चालवायला निघालेल्या प्रत्येक माणसाला जखमी माणसाजवळ कसं बसायचं हे आधी शिकवतात. आपल्याकडे लोक मदत करायला पोलिसांच्या भीतीने कचरतात. पण आता कलम 134अ आहे, मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ओजसला हेही माहीत असू द्या.

लेखी परीक्षा संगणकावर होते, इंग्रजीतही देता येते. तीस प्रश्न. चुकलेल्या प्रश्नाला त्याच्या गांभीर्याप्रमाणे दोन ते पाच दोषगुण लागतात आणि दहाच्या वर गेले की नापास. काही प्रश्नांत छोटी चित्रफीत दाखवतात: उभ्या गाड्यांच्या मागून चेंडू येतो, आणि तुम्ही काय करणार? चेंडूमागे मूल येणार हे आधीच ओळखायचं असतं. ती परीक्षा मी पास झाली. रस्त्यावरची आता व्हायची आहे. ती पंचावन्न मिनिटांची, आणि सूचना जर्मनमध्ये. वळण्यापूर्वी आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघावंच लागतं, कारण तिथे सायकलवाला असतो. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. समोर कितीही मोठा रस्ता वाटला तरी. आणि परीक्षेत शिकवणाऱ्याला ब्रेक मारावा लागला तर परीक्षा तिथेच संपते.

ओजस, तू आता म्हणशील की आत्या, तुमच्या जर्मनीत तर सोळाव्या वर्षी एकशेपंचवीस सीसी चालवतात. बरोबर आहे. ए1 नावाचा वर्ग आहे, 125 सीसी आणि अकरा किलोवॅटपर्यंत. पण त्यासाठी नव्वद मिनिटांचे सोळा लेखी पाठ, गावाबाहेरच्या रस्त्यावर, हायवेवर आणि अंधारात चालवण्याच्या बारा सक्तीच्या तासिका, प्रथमोपचार, आणि वर दोन परीक्षा. अठराव्या वर्षी ए2, पस्तीस किलोवॅटपर्यंत. ती दोन वर्षं चालवली की विसाव्या वर्षी परीक्षा देऊन मोठी बाइक, नाहीतर चोवीसपर्यंत थांबायचं. पायरीपायरीने ताकद हाती देतात. कारचं बी लायसन्स असलेला माणूसही नुसत्या त्यावर एकशेपंचवीस सीसी चालवू शकत नाही, वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आपल्यासारखंच, कार आणि दुचाकी वेगळी.

दादा, तुझ्या कामाचं आता. बी वर्गावर इथे साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालते, वर साडेसात टनांपर्यंत सी1 लागतो. आपल्याकडे हलकं वाहन म्हणजे एलएमव्ही, ते साडेसात हजार किलोपर्यंत. कळमन्याहून इतवारीत माल आणणाऱ्या तुझ्या छोट्या हत्ती टेम्पोवर जो ड्रायव्हर आहे त्याच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही, आणि विमा कंपनी पैसे नाकारेल म्हणून तू घाबरला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिला: एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तेव्हा छोट्या हत्तीची काळजी सोड. फक्त त्याच्या लायसन्सची मुदत तपास, आणि त्याचं वय वीसच्या वर आहे ना ते बघ.

पण तू आयशरचा ट्रक घ्यायचं म्हणत होता, तिथे थांब. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, एकूण वजन काय लिहिलं आहे ते पाह्य. साडेसात हजारांच्या वर असेल तर हा निकाल कामाचा नाही. ट्रान्सपोर्टचं लायसन्स असलेलाच माणूस पाहिजे. आणि ते ऐनवेळी काढून होत नाही. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊसुद्धा देत नाहीत. आधी माणूस तयार कर, मग गाडी घे.

बाबा, पंचावन्नच्या पुढे लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि डॉक्टरांचं फॉर्म 1अ लागतं. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रॅकवर परीक्षा द्यावी लागेल. सारथी पोर्टलवर अर्ज होतो, ओजस भरून देईल. एजंटाकडे जाऊ नका.

ओजस, तू अठराचा झाला की शिकाऊ लायसन्स घरबसल्या, आधार वापरून निघतं. परीक्षा तुझी तूच दे, दुसऱ्याला बसवू नको. तीस दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो, पण शिकाऊ सहा महिने चालतं, तर ते सहाही महिने वापर. "आठ"चा आकडा काढता आला म्हणजे पारडीच्या पुलाखाली गाडी चालवता आली असं होत नाही. दादा, तेव्हा तू स्वतः त्याच्या मागे बस. शिकाऊसोबत लायसन्सवाला असलाच पाहिजे, हा नियमच आहे. मी त्या उन्हाळ्यात येईन तेव्हा मीही त्याच्या मागे बसेन.

तोवर किल्ली वहिनींकडे राहू द्या. आईची गुडघ्याची सोनोग्राफी झाली का ते कळवा.

तुमची,
मीनल

ता. क. आरसीचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, दादा. मुदत आणि वर्ग मी बघून सांगते.