काका, कापलेली पानं परत दिलीत त्याबद्दल

आदरणीय बाइंडर काका,
सा. न.

आमच्या वह्या दुरुस्त होऊन हातात आल्या, त्या दिवसापासून तुम्हाला लिहायचं होतं. समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, पुढचं काम?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नाशकात चित्रवही, म्हणजे चित्रं काढायची आणि वाळलेली पानं, तिकिटं चिकटवून ठेवायची वही (आर्ट जर्नल), ठेवणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्याही वह्या आत्ता, दसरा ते त्रिपुरारी पौर्णिमा या दिवसांत, फुगून फाटत असणार. तुम्ही काय केलंत आणि का केलंत, हे त्यांनाही कळलं तर बरं.

आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल थोडं लिहितो, कारण मनातून ते अजून गेलेलं नाही. एका मोठ्या दुकानात वही न उघडताच "नवीन घ्या" म्हणून सांगितलं. दुसरीकडे रबराचा पट्टा लावून दिला. एका कार्यशाळेत भरपूर फी घेऊन 'ऑटम जर्नल'चा संच हातात ठेवला. त्यात ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद होता, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाइतकाच, आणि सोबत मेपल या परदेशी झाडाची छापील पानं. नाशिकच्या शरदात मेपल कुठून येणार? इथे आश्विनात आपटा असतो, झेंडू असतो, इगतपुरी-त्र्यंबककडे भात पिवळं पडतं, डोंगरावरचं गवत सोनेरी होतं आणि द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी सुरू असते. झाडांची खरी पानगळ पुढे शिशिरात. हे दिसत असताना मेपल चिकटवायला सांगणाऱ्या माणसाने खिडकीबाहेर पाहिलेलंच नसतं. वही फुगली की काय करायचं, हे विचारल्यावर उत्तर मिळालं, "जर्नल असंच गुबगुबीत छान दिसतं." कणा सुटून पानं हातात आली होती, तरीही.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं: "आत अजून काय काय जाणार आहे?" तोवर हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. सगळी गोम त्यातच होती.

वहीचा कणा कोऱ्या पानांच्या जाडीइतकाच असतो. त्यात आपट्याचं पान आलं, तिकीट आलं, जलरंगाने कागद थोडा लहरला की बाहेरच्या कडेची जाडी वाढत जाते आणि कणा तेवढाच राहतो. पुठ्ठे पाचरीसारखे उघडे राहतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही असेल तर कण्याचा गोंद तडकतो. जुजबंदीची, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे जुडगे (जुज) दोऱ्याने शिवलेली असेल तर दोरा पानाला कापत जातो. रबराने दाबली की ताण उलट कण्यावरच येतो.

तुम्ही दर तीन पानांतलं एक पान कापलंत, पण मुळापासून नाही. कण्यालगत बोटभर, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरची पट्टी ठेवलीत. पट्ट्यांमुळे कण्याची जाडी टिकते आणि बाहेरच्या बाजूला कापलेल्या पानांची जागा मोकळी होते. चिकटवलेल्या वस्तू त्या जागेत बसतात. पान मुळापासून का कापायचं नाही, तेही तुम्ही जुज उलगडून दाखवलंत: एकाच कागदाची घडी पडून दोन पानं होतात, म्हणून एक मुळापासून गेलं की त्याचं पलीकडचं जोडपान सुटतं. आणि जुजाच्या अगदी मधल्या घडीला हात लावायचा नाही, कारण दोरा तिथेच धरलेला असतो. हे घरी करणाऱ्यांनी पान कापण्याआधी त्याखाली जाड पुठ्ठा सरकवावा, नाहीतर सुरी खालच्या चार पानांतून जाते. चिकटवलेल्या वहीवर हा उपाय चालत नाही. तिथे पट्टीला धरून ठेवायला दोराच नसतो, थोड्या दिवसांत पट्ट्याच गळायला लागतात.

इथवर झालं असतं तरी काम उत्तमच झालं होतं. पण वह्या परत देताना तुम्ही प्रत्येकीसोबत एक लहान गठ्ठा दिलात. कापलेली सगळी पानं कडेने सरळ करून, कोऱ्या कागदात गुंडाळून, शिवणीच्या दोऱ्याने बांधलेली. वर पेन्सिलने वहीच्या मालकाचं नाव. "ह्याच कागदावर रंग तपासा, दुसऱ्यावर तपासून उपयोग नाही," एवढंच म्हणालात.

काका, तो गठ्ठा पाहून आम्ही गप्प झालो. रद्दीत गेला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आम्ही मागितला नव्हता, तुम्ही त्याचे पैसेही लावले नाहीत. आणि सल्ला इतका नेमका होता! तोच रंग एका कागदावर शोषला जाऊन मळकट दिसतो, दुसऱ्यावर वरच राहून उजळ दिसतो. चाचणी त्याच कागदाच्या तुकड्यावर केली तरच तिचा अर्थ. आता प्रत्येक फेरीला त्या गठ्ठ्यातला एक कागद सोबत जातो आणि सोमेश्वरच्या धबधब्याजवळ बसून कातळाचा रंग आधी त्यावर जुळतो. काळा रंग सरळ ट्यूबमधून लावला तर बसाल्ट मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी) मिसळून केलेला काळा जिवंत राहतो, पाण्याजवळ त्यात निळा जास्त आणि उन्हाच्या बाजूला तपकिरी जास्त. ओला असताना तो नेहमी जास्त गडद वाटतो. वाळल्यावर किती उतरतो, ते तुम्ही दिलेला तुकडाच सांगतो.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, ओळखायची तुमची रीतही इथे लिहून ठेवतो, कागद घेताना ती सगळ्यांना उपयोगी पडेल. चारेक इंचाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, एका बाजूने ओला हात फिरवायचा. कागद नळीसारखा वळतो. ती नळी ज्या दिशेने लांब, ती ग्रेनची दिशा, आणि ती वहीच्या कण्याला समांतर हवी. ओला झाल्यावर कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. ग्रेन कण्याला आडवी असेल तर जलरंगाच्या एकाच हातानंतर कण्याजवळ सुरकुत्या पडतात आणि पान सपाट पडतच नाही. दुकानदार जीएसएम सांगतात, ग्रेनचं कुणी बोलत नाही. जलरंगाला निदान २०० जीएसएम हवा हे खरंच, पण उलट्या ग्रेनचा ३०० जीएसएमही त्रासच देतो.

आता झाडांच्या पानांचं. दिंडोरीकडच्या बागेतून आणलेलं द्राक्षाचं पान तुम्ही उजेडात धरून म्हणालात, "ह्यावरचे निळसर ठिपके पुसा आधी, हे मोरचूद आहे. आमच्या खळीत कीड लागू नये म्हणून घालतात तेच." बागेवर बोर्डोची फवारणी होते आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. छाटणीच्या वेळी बांधावर पडलेली पानं शेतकऱ्याला विचारून घ्यावीत, वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवावीत, फडक्याने टिपावीत आणि मगच दाबायला ठेवावीत. नंतर हात साबणाने धुवायचे. लहान मुलांच्या वहीसाठी आपट्याचं पान बरं.

आपट्याचं पान दसऱ्याच्या रात्रीच उघडून दाबायचं. ते मधल्या शिरेवर मिटतं आणि मिटलेलं वाळलं की उघडताना तिथेच तुटतं. बाजारात आपटा म्हणून कांचनही विकतात. त्याचं पान मोठं आणि पातळ असतं, दाबल्यावर पटकन चुरतं. साधा वर्तमानपत्राचा कागद घ्यावा, रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा, नाहीतर काळे डाग पडतात. त्यानंतर आठ-दहा दिवस जड पुस्तकांखाली. झेंडू मात्र अख्खा कधी दाबू नये, देठाकडच्या हिरव्या पेल्यात पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच धरते. पाकळ्या सुट्ट्या करून दाबल्या तर पिवळा-केशरी रंग चांगला टिकतो. तेरड्याचा गुलाबी टिकत नाही, म्हणून त्याचा रंग त्याच दिवशी शेजारी जलरंगात लावून ठेवावा. हळदीने पान रंगवण्याचा मोह होतो, पण उजेडात हळद उडते. झेंडूच्या पाकळ्या मूठभर घेऊन कपभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळल्या आणि चिमूटभर तुरटी घातली तर जो पिवळा मिळतो तो त्याहून जास्त टिकतो.

चिकटवायला दोन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी. ब्रशने पानाच्या मागे, शिरेपासून कडेकडे, अगदी पातळ. वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली. पाणी जास्त झालं की कागद लहरतो. नुसता फेव्हिकॉल जाड लावला की तो वाळताना आकसतो आणि पान वाकवतो. सिटीलिंक या शहर बसचं किंवा एसटीच्या मशीनचं तिकीट चिकटवायचं असेल तर आधी त्यावरचा मजकूर शेजारी पेन्सिलने उतरवून घ्या. तो थर्मल कागद असतो, काही महिन्यांत कोरा होतो.

जागांबद्दल फार लिहीत नाही, नाशिककरांना त्या माहीत आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात रंगाचा हात जोडायच्या आत वाळतो आणि मधे कडा उमटते, त्यामुळे सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर बसावं. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार या दिवसांत सीताफळं, झेंडू, पणत्या यांनी भरलेला असतो. तिथे बसायचं तर आधी काहीतरी विकत घ्यावं, मग विचारावं. पांडवलेण्यांत शिलालेखावर कागद ठेवून पेन्सिल घासू नये. २४ लेणी आहेत आणि ब्राह्मी अक्षरं नुसती पाहून काढण्यातही एक सकाळ जाते. अंजनेरीवर फूल तोडू नये. कंदीलपुष्पाची एक जात त्याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते आणि ती फार थोड्या ठिकाणी उरली आहे. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून पीससुद्धा उचलायचं नाही, वहीत फक्त चित्र न्यायचं.

तुमच्यामुळे या शहरातली तशीच इतर माणसंही आठवतात. पानं देताना "चांगली बघून घ्या" म्हणणारे बागवाले, पाटी थोडी सरकवून बसायला जागा करून देणाऱ्या घाटावरच्या मावशी, रंगाचं पाणी बदलायला टपरीवरचा जग पुढे करणारा पोरगा. यांच्यातल्या कुणीही आर्ट जर्नल हा शब्द ऐकलेला नसेल. पण समोरचा माणूस कशात गुंतलाय हे त्यांना दिसतं आणि त्याला एवढंसं काय लागेल हे सुचतं. फी घेणाऱ्यांना ते सुचलं नाही.

दिवाळीनंतर दुकान उघडलंत की आम्ही येतो. नव्या वह्या तुमच्याकडूनच शिवून घ्यायच्या आहेत: २०० जीएसएमचा कागद, ग्रेन उभी, आठ पानांचे जुज, मेणाचा दोरा, आणि पट्ट्या शिवतानाच आत घातलेल्या, म्हणजे नंतर कापायला नको. कापडी कणा जमला तर बघा. घाई अजिबात नाही, लग्नपत्रिकांचं काम आधी उरका. मागच्या वेळी तुम्ही फक्त शिवणीचे पैसे घेतलेत. या वेळी हिशोबात गठ्ठे बांधण्याची मजुरीही धरा, नाहीतर आम्ही वह्या उचलणार नाही.

आपले,
रविवारी वह्या घेऊन फिरणारे