बाबा, डांबर चालत नाही

॥ श्री ॥

टॅकोमा, वॉशिंग्टन
२३ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
मनीषाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण ओमकारने माझा गाडीच्या टपावर बसलेला फोटो दाखवल्यापासून आईने जेवण सोडलंय असं कानावर आलं. (सोडलं नसणार. तसं कळवायला लावलं असणार.) तो टप सपाट आहे, जमिनीपासून दहा फूट, म्हणजे आपल्या पोटमाळ्याहून दोनेक हात उंच. शिडी समोरच्या आजोबांनी धरली होती. फोटोत ते दिसत नाहीत, कारण फोटो त्यांनीच काढला. म्हणजे तेवढ्यापुरती शिडी सोडली होती, पण तेवढीच.

फोनवर हे सगळं सांगता येत नाही. बाबांना अर्धं ऐकू येतं आणि न ऐकलेल्या अर्ध्याला ते उत्तर देतात. म्हणून कागद.

आई, मी गाडीत राहत नाही. माझा फ्लॅट आहे तसाच आहे, भाडं वेळेवर जातं. खालच्या काकूंनी तुला सांगितलं ते खोटं नाही, इथे घर परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे लोक आहेत, पण मी त्यातली नाही. ही जी गाडी म्हणतेस ती कॅम्पर. तिला इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीच्या मागे अडकवून ओढायची. चाकांवरची खोली समज: दोन बिछाने, छोटा ओटा, फ्रीज आणि बसलं की गुडघे दाराला लागतील एवढी संडास-बाथरूम. २००४ची आहे. निम्मी माझी, निम्मी श्रुतीची. श्रुती म्हणजे सांगलीची, मागच्या दिवाळीला जिने तुझ्याशी फोनवर चकलीच्या भाजणीवरून वाद घातला ती.

इथल्या लोकांची एक तऱ्हा मात्र सविस्तर सांगते, कारण मला अजून ती पचलेली नाही. कॅम्परमध्ये भांड्या-आंघोळीचं पाणी एका टाकीत साठतं, तिला ग्रे टँक म्हणतात. संडासाचं दुसऱ्या टाकीत, ती ब्लॅक टँक. जंगलात दोन-तीन दिवस राहून झालं की परत येताना सगळे जण त्या टाक्या रित्या करायला एका ठिकाणी रांग लावतात. सिमेंटचा चौथरा, मधे झाकण असलेलं भोक. ज्याची गाडी त्याने हातमोजे घालायचे, तीन इंची वळ्यावळ्यांचा पाइप जोडायचा आणि आधी ब्लॅक, मग ग्रे सोडायची. हा क्रम चुकवायचा नाही, कारण मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पैसे देऊन करवून घेऊ असं इथे कुणाच्या मनात येत नाही. आमच्या पुढे दातांचे डॉक्टर होते, सत्तरीचे. पाइपाच्या तोंडाशी एक पारदर्शक कोपरा असतो, आतलं पाणी स्वच्छ यायला लागलं की नाही ते बघायला. ते डॉक्टर त्यात वाकून बघत होते आणि बघता बघता आम्हाला नदीतल्या माशांबद्दल सांगत होते! आपल्या चाळीत सकाळी टमरेल घेऊन उभा असलेला माणूस समोरच्याशी नजरसुद्धा मिळवत नसे. मी पहिल्या वेळी तोंड फिरवून उभी राहिले. दुसऱ्या वेळी हातमोजे घातले. बाबा, तुम्ही हसाल, पण घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली.

आता टपाचं. बाबा, हे तुमच्यासाठी, आईने वाचलं नाही तरी चालेल.

जूनमध्ये बाथरूमच्या वरच्या पट्टीवर बशीएवढा तपकिरी डाग दिसला. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो भिजलेल्या बिस्किटात घुसावा तसा आत गेला. मला वाटलं गळती तिथेच असणार. पण तुम्ही दर पावसाळ्यात सांगायचात, पाणी शिरतं एका कौलातून आणि टपकतं तिसऱ्याच्या पाटावर. तसंच निघालं. शिरत होतं चार फूट पुढे, हवेच्या झरोक्याच्या कडेने. टपाला चौदा इंची चौकोनी भोक पाडून त्यावर प्लास्टिकची चौकट स्क्रूने बसवलेली असते. चौकटीखालची पट्टी वाळून तडकली होती. पाणी तिथून आत, मग वाशाच्या कडेने सरकत बाथरूमपर्यंत. आधीच्या मालकाला हे दिसलं असणार, कारण त्याने वरून सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉनवर नंतर काहीच धरत नाही. ते नखाएवढं-नखाएवढं खरवडून काढण्यात दोन रविवार गेले.

तुम्ही फोनवर म्हणालात, "डांबर मार आणि मोकळी हो." बाबा, डांबर चालत नाही. या टपावर पत्रा नसतो, पांढरं रबर प्लायवर चिकटवलेलं असतं, ईपीडीएम म्हणतात त्याला. तेलातून निघालेली कुठलीही गोष्ट लागली की ते फुगतं आणि प्लायपासून सुटतं. तुमच्या डेपोतल्या बसची गोष्ट वेगळी, तिथे रिव्हेट आणि पत्रा. इथे रबर, खाली प्लाय, त्याखाली दोन-दोन इंची लाकडी वासे, मधे थर्माकोल आणि सगळ्यात खाली पुठ्ठ्यासारखी पातळ पट्टी. नवीकोरी असताना झोकात दिसते, पण अंग सगळं लाकडाचं.

रबर मागे दुमडलं तेव्हा कसा वास आला सांगू? श्रावणात आपल्या माळ्यावरची गादी काढल्यावर येतो तो. तोच. मी क्षणभर तशीच बसले. श्रुतीला वाटलं मला चक्कर आली.

कुजलेला प्लाय कापताना डागापुरता कापायचा नाही, पुढच्या वाशाच्या मध्यापर्यंत कापायचा, म्हणजे नव्या तुकड्याला दोन्हीकडे बसायला जागा मिळते. हे आजोबांनी शिकवलं. एक वासा अर्धा खाल्ला गेला होता, त्याच्या बगलेला नवा वासा ठोकला. मग वाळवण. पंखा आणि हवेतली ओल ओढणारं यंत्र लावून नऊ दिवस. रोज टोचून मोजायचं, पंधरा टक्क्यांच्या खाली ओल आल्याशिवाय झाकायचं नाही. मी सातव्या दिवशीच झाकायला निघाले होते. आजोबा म्हणाले, घाई केलीस तर कुजणं आत बंद करशील. शेवटी चौकटीखाली ब्युटाइलची चिकट पट्टी, वरून स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट. ते डोशाच्या पिठासारखं आपलं आपण पसरून सपाट होतं, बोट लावायचं नाही. मी लावलं. एक ठसा तिथे कायमचा राहिलाय.

मग पाण्याची परीक्षा. खालच्या कडेपासून सुरुवात करून नळी हळूहळू वर न्यायची, एकदम वरून सोडलं तर कुठून शिरतंय ते कळत नाही. श्रुती आत टॉर्च घेऊन बसली होती. अर्ध्या तासाने तिने ओरडून सांगितलं, "कोरडं!" आजोबांनी टोपी काढून मान झुकवली. एवढंच. मला पेढे वाटावेसे वाटले, पण इथे पेढे कुठले, मग गुलाबजामचं पाकीट फोडलं.

आई म्हणते तिकडे सारखा पाऊस, लाकडाचं घर, कसं होणार. आई, इथे अख्ख्या वर्षात पडतो तो हजार मिलीमीटरच्या आसपास. आपल्याकडे २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ झाला होता. आठवतंय ना, बाबा दुसऱ्या दिवशी कुर्ला डेपोतून चालत घरी आले, कमरेपर्यंत चिखल, आणि गिरगावात आपल्याला कळेचना की एवढं काय झालं? कुलाब्याला त्या दिवशी त्याचा दहावा हिस्साही नव्हता. तेव्हा पावसाची भीती मला घालू नका. इथला पाऊस फक्त चिवट. ऑक्टोबरपासून मेपर्यंत नुसता झिमझिमतो, लाकडाला वाळायला सवड देत नाही. म्हणून हे काम आत्ताच करायचं होतं, आणि म्हणून जुलैत येणं जमलं नाही. कामातून सुट्टीही नव्हती, ते वेगळं.

आणि टपावर चढण्यावरून मला बोलायचंच असेल तर बाबा, मे महिन्यात आपल्या कौलांवर ताडपत्री बांधायला कोण चढलं होतं? ओमकारने मला सगळं सांगितलंय. वय वर्षं अडुसष्ट, गुडघ्यात वाटी सरकलेली, आणि खाली तिसरा मजला. मला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं म्हणे. पुढच्या वर्षी माणूस लावा. त्याचे पैसे मी वेगळे पाठवीन, ते ओमकारच्या लग्नाच्या पैशात धरू नका.

लग्नाच्या पैशांचं असं आहे. हॉलच्या दुसऱ्या हप्त्याचे दीड लाख म्हटलं होतं, त्यातले एक लाख या आठवड्यात येतील, उरलेले दिवाळीच्या आत. नक्की. कॅम्परला माझ्या वाटणीचे दोन हजार डॉलर गेले आणि टपाच्या सामानाला तीनशे. ते रुपयांत करू नका. (केले असतील.) एका दुकानवाल्याने नुसत्या टपाचे सहा हजार सांगितले होते, गाडीच चार हजारांची. म्हणून हाताने केलं. तेवढे वाचवले असंच मी धरते.

डोंबिवलीचे ते गृहस्थ सभ्य वाटले. दोनदा बोलणं झालं. कॅम्परचं सांगितलं तर म्हणाले, "हे लग्नानंतरही?" मी हो म्हटलं. पुढे फोन नाही. मामीला काय सांगायचं ते आईने ठरवावं. माझ्यासाठी ओमकारला थांबवू नका हे मीच म्हटलं होतं आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही, हे मी तिला तीनदा सांगितलंय.

डिसेंबरात मी येणार आहे. म्हणजे ठरवलंय. पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपलीय, नवा शिक्का तिकडे आल्यावर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून घ्यावा लागतो आणि तो हातात पडेपर्यंत परत निघता येत नाही. ऑफिस किती दिवस वाट बघेल याची विचारणा केली आहे, उत्तर आलेलं नाही. तरी हळदीच्या साडीचं माप पाठवते, ब्लाउज शिवायला टाका. नाहीच जमलं तर, पण जमेल.

हे पत्र पोहोचेपर्यंत गणपती बसलेले असतील. माझ्या वाटणीची एक आरती ओमकारला म्हणायला सांगा, चाल बिघडली तरी चालेल.

तुमची,
मनीषा

ता. क. बाबा, फोटो मोठा करून बघा. माझ्या हातात आहे तो तुमचाच पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. मी इकडे आले त्या वर्षी तुम्ही दोन महिने शोधत होतात आणि शेवटी ओमकारवर चिडलात. मी तेव्हा फोनवर काही बोलले नाही.