प्रागला एका दिवसासाठी जाताना

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

प्रागचं तिकीट काढणार असशील तर शनिवार-रविवार सोडून काढ. शनिवारी जोसेफॉव्ह या ज्यू वस्तीतली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आणि जुनं कब्रस्तान बंद असतं, आणि रविवारी सकाळी सेंट व्हायटस कॅथेड्रल प्रार्थनेसाठी राखलेलं असतं. ड्रेस्डेनहून गाडीला साधारण अडीच तास लागतात. जाताना डाव्या खिडकीशी बस, एल्ब नदी त्याच अंगाला आहे. शेंगेन, म्हणजे सीमेवर एरवी तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट, असला तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही जवळ हवं.

मुख्य गोष्ट म्हणजे किल्ला आधी बघायचा आणि मग उतरत यायचं. बहुतेक जण आधी जुन्या शहरातला चौक, मग चार्ल्स पूल करून भर दुपारी चढ चढतात. तू स्टेशनवरून सी मेट्रोने मुझेउमला जा, तिथे ए पकडून मालोस्त्रान्स्काला उतर आणि 22 नंबरच्या ट्रॅमने वर 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर जा. चोवीस तासांचं कागदी तिकीट घेतलंस तर मेट्रोत शिरण्याआधी पिवळ्या यंत्रात त्यावर शिक्का मार, एकदाच. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

पैसे कोरुना या चेक चलनात लागतात. एटीएम 'युरोत रूपांतर करू का' असं विचारेल, तिथे नाहीच म्हण. त्यांच्या दरात बराच फटका बसतो.

किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये संपलं. आत डाव्या हाताला तिसऱ्या चॅपेलमध्ये चित्रकार आल्फोन्स मुखाची खिडकी आहे. तिथे थांब. बाकीच्या खिडक्यांसारखी ती रंगीत तुकडे जोडून केलेली नाही, काचेवर चक्क रंगवलेली आहे. जुन्या राजवाड्यात व्लादिस्लाव्ह दालन बघ, आणि 1618 साली सरदारांना ज्या खिडकीतून खाली फेकलं, तीही. तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी तिथेच पडली. गोल्डन लेन या छोट्या घरांच्या गल्लीत गर्दी असेल तर फार रेंगाळू नकोस.

पूर्वेच्या दारातून जुन्या पायऱ्यांनी खाली आलीस की चार्ल्स पूल जवळच आहे. दगडी फरसबंदीवर पातळ तळव्याच्या चपला नकोत. पुलावर पर्स पुढे धर.

चौकातल्या 1410 च्या खगोलीय घड्याळापुढे लोक तासाला जमतात, प्रेषितांच्या बाहुल्या मिनिटभर फिरतात, की सगळे पांगतात. खिसेकापूही तेव्हाच हात मारतात. गर्दी पांगल्यावर तबकडी नीट बघ. अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा स्वतःभोवती फिरून चंद्राच्या कला दाखवतो. राशींच्या कड्यावर सोनेरी सूर्य कुठे आहे ते बघून आपल्या पंचांगाशी ताडू नकोस, जुळणार नाही. तिथली गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली, त्यामुळे सूर्य तिथे 21 मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपल्याकडे 14 एप्रिलला.

वेळ उरला तर जोसेफॉव्हमधलं पिंकास सिनेगॉग बघ. नाझींनी मारलेल्या जवळपास 80,000 ज्यूंची नावं तिथल्या भिंतींवर लिहिली आहेत. घाईत बघायची जागा नव्हे. तासभर नसेल तर पुढच्या खेपेला ठेव.

जेवण चौकात नको, दोन गल्ल्या आत जा. मांस टाळायचं असेल तर 'स्माझेनी सीर' माग, तळलेलं चीज मिळेल. चौकातून स्टेशन वीसेक मिनिटं चालत आहे, पण फलाट गाडी सुटायच्या थोडाच आधी जाहीर होतो, म्हणून अर्धा तास आधी पोच.

तुझी आई